लग्नाला न गेलेला अल्बमवाला

दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "भय्या कुठं गेले?" मी सांगते, भय्या नाहीत, मीच आहे. मग ते माणूस जरा मागं सरकतं, पाटी पुन्हा वाचतं आणि काखेतला डबा काउंटरवर ठेवावा की परत न्यावा याचा विचार करत उभं राहतं. जुन्या जालन्यात, धान्याच्या अडती आणि कापडाची ठोक दुकानं असलेल्या गल्लीत मी बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय. सुरुवातीला या प्रश्नाचा राग यायचा. आता म्हणते, "ठेवा तर खरं. नाही झाला नीट, तर भय्याला बोलवू."

गिऱ्हाइकं नमुनेदार भेटली. एका जिनिंगमधला कॉम्प्युटर आला होता, सारखा बंद पडतो म्हणून. झाकण काढलं तर आत उशीत भरावा तसा कापूस. पंखा त्यात बिचारा रुतून बसला होता. एका अडत्यानं लक्ष्मीपूजनाला कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला आणि भक्तिभावानं ते पाणी वरच्या जाळीतून आत शिंपडलं. पूजा देवीला पोचली, बोर्ड मात्र गेला. एकजण नुसता मॉनिटर घेऊन आला आणि म्हणाला, कॉम्प्युटर आणलाय, यातला व्हायरस काढा. असे किस्से सांगितले की लोक हसतात, मीही हसते. पण दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं आणि कागद पुढं घेतला, तर यातलं काही लिहावंसं वाटेना. दत्ताबद्दलच लिहावंसं वाटलं.

त्याआधी कामाचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्याअधिक लोकांची तक्रार एकच: कॉम्प्युटर स्लो झालाय. त्यांना वाटतं व्हायरस आहे. बहुतेक वेळा व्हायरस नसतो, मेमरी कमी पडत असते. मेमरी म्हणजे रॅम. माझे अब्बा शिलाईकाम करायचे. त्यांच्या दुकानात एक कपाट होतं आणि एक कटिंगचा टेबल. कापड राहायचं कपाटात, पण काम व्हायचं टेबलावर. टेबल लहान असला की ठाण पुरतं उलगडता येत नाही. थोडं उलगडा, कापा, घडी घाला, खाली ठेवा, दुसरं काढा. अब्बा म्हणायचे, "कपडा बडा, टेबल छोटा, तो दर्जी का क्या कसूर?" कॉम्प्युटरची हार्डडिस्क म्हणजे ते कपाट आणि रॅम म्हणजे तो टेबल. टेबल मोठा केला की त्याच जुन्या मशीनला हुशारी येते. बोटभर रुंदीची हिरवी पट्टी असते, तिच्यावर काळे चौकोनी चिप. झाकण उघडायचं, पट्टी खाचेत धरायची, दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबायचं. कट्‌ असा आवाज आला की बसली. दहा मिनिटांचं काम. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांत ही पट्टी बोर्डालाच जोडून येते, बदलता येत नाही. मेमरी कमी पडली की अख्खं मशीनच बदला. आमच्या हाताला त्यात काम उरलं नाही, याचं वाईट वाटतं.

दत्ताचा पहिला फोन आला तेव्हा मी असंच कुणाचं तरी झाकण उघडून बसले होते.

"ताई, कॉम्प्युटर रिपेअरवाल्या तुमीच का?" आवाज बारीक होता. दोन वाक्यांच्या मधे थांबून तो श्वास घेत होता. "माझ्याकडं दोन जीबीची एक रॅम हाय. दुसरा स्लॉट रिकामा हाय. विंडोज चौसष्ट बिटचंच टाकलेलं हाय. मला फकस्त मेमरी वाढवायची."

गिऱ्हाईक इतकं नेमकं कधी बोलत नाही. मी म्हणाले, घेऊन या.

"मला येता येत न्हाई."

"मग कुणाजवळ पाठवून द्या."

"पाठवला अस्ता, ताई. पण तो दुकानात ऱ्हाईल तितके दिवस मी काय करू?"

मी बाहेरगावची कामं घेत नव्हते, तसं सांगितलं. तो म्हणाला, "बराबर हाय तुमचं." त्यानं गळ घातली नाही, विनवणी केली नाही. कदाचित त्यामुळेच मी विचारलं, गाव कोणतं?

गाव परतूरच्या जवळचं. मी सकाळच्या गाडीनं परतूरला उतरले. स्टेशनाबाहेर त्याचे वडील मोटरसायकल घेऊन उभे होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पण त्यांच्या शेजारी एक ऑटो उभा होता आणि ऑटोत डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती. ती दत्ताची आई, गयाबाई.

"बाईमाणूस येणार म्हून मी आले," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या गाडीवर तुमी कशा बसताल?"

या कामापायी मी पुष्कळ ठिकाणी फिरले. माझ्या जाण्यायेण्याचा असा विचार तोवर कुणी केला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणू लागले.

घर साधं, दोन खोल्यांचं, पुढं ओसरी. दत्ता आतल्या खोलीत खुर्चीवर बसलेला. बसलेला म्हणजे बसवलेला. छातीभोवती आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा बांधून त्याला खुर्चीला धरून ठेवलं होतं. मांडीवर फळी, फळीवर माउस, माउसवर उजवा हात. वय वीस-बावीस असेल, पण अंगानं शाळकरी पोरासारखा. डोळे मात्र असे की आपण पाहण्याआधी त्यांनी आपल्याला पाहिलेलं असायचं.

त्यानं आपल्या आजाराची माहिती मशीनची माहिती द्यावी तशी दिली. "स्नायूंचा आजार हाय. सातवीत असताना पाय गेले. मंग खांदे गेले. सध्या उजव्या हाताची बोटं आणि मान चालू हाय. बाकी पार्ट बंद." मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. तोच म्हणाला, "ताई, तुमी झाकण उघडा. बघायचंय मला आतून."

तो लग्नाचे अल्बम करायचा. फोटोग्राफर लग्नात हजारो फोटो काढतो. त्यातले निवडून, रंग सुधारून, पानांवर मांडून देणारा माणूस वेगळा असतो. परतूरचा बाळू फोटोवाला दत्ताच्या वर्गात होता. तो पेनड्राइव्हवर फोटो द्यायचा, अण्णा बाजाराला गेले की घेऊन यायचे, दत्ता अल्बम करून परत पाठवायचा. आसपासच्या किती गावांतल्या नवऱ्या त्यानं पडद्यावर पाहिल्या असतील.

"किती लग्नं केलीस आतापर्यंत?" मी विचारलं.

"मोजली न्हाईत. पण शाळा सुटल्यापासून गेलो एकाबी न्हाई."

त्यानं मला चालू काम दाखवलं. नवरा, नवरी आणि मागं उभे आईवडील. चांगला फोटो होता. दत्ता म्हणाला, "ह्याचे वडील लग्नाच्या आधीच वारलेत. चेहरा जुन्या फोटोतून घेतला, अंग दुसऱ्याचं लावलं. लोक सांगतात तसं करायला."

"घरच्यांना कळत नाही?"

"कळतं ना. तरी बघत बसतात." मग माउस थोडा सरकवून त्यानं वडिलांच्या पायाजवळची सावली दाखवली. "ही नीट पडली पायजे. सावली न्हाई टाकली तर माणूस हवेत दिसतं."

मी झाकण उघडलं, हात कॅबिनेटच्या लोखंडाला लावून घेतला, कारण अंगातली बारीकशी वीजसुद्धा चिपला मारते, आणि नवी पट्टी बसवली. कट्‌ आवाज आला. बटन दाबलं. पडदा काळाच राहिला आणि मशीन कुईं कुईं करून रडायला लागलं. पट्टी काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा लावली. पुन्हा तेच. जुनी पट्टी एकटी लावली की मशीन मुकाट चालू व्हायचं.

पट्टी खराब नव्हती, त्या बोर्डाच्या जातीची नव्हती. खाच बरोबर होती, वेग बरोबर होता. पण तो बोर्ड जुना. चार जीबी हवी असेल तर दोन्ही बाजूंनी आठ-आठ, अशी सोळा चिपची पट्टी त्याला ओळखू येते. नव्या पट्ट्यांत तेवढीच मेमरी आठ चिपांत मावते. बाजारात सगळीकडं त्याच. मी हे त्याला सांगितलं. वाटलं, आता नाराज होईल.

"म्हणजे नवीन लई हुशार हाय आणि आपलं मशीन अडाणी," तो म्हणाला.

"तसंच."

"मंग जुनीच हुडका, ताई. मी थांबतो."

जुन्या जालन्यात कलीममामूंचं भंगाराचं गोदाम आहे. कुठली कुठली ऑफिसं बंद पडली की त्यांचे कॉम्प्युटर तिथं ढिगानं येऊन पडतात. मी तिथं बसून एकेक झाकण उघडलं. मामू म्हणाले, "आपा, इतनी मेहनत एक पट्टी के वास्ते?" शेवटी एक सापडली, धुळीनं राखाडी झालेली, पण सोळा चिपची. माझ्या टेबलावर तपासली, चालली. पुढच्या खेपेला ती घेऊन गेले.

त्या दिवशी मशीन चालू झाल्यावर दत्तानं एक जड फाइल उघडली. अशी फाइल उघडताना त्याच्या कॅबिनेटवरचा लाल दिवा बराच वेळ जळत राहायचा. टेबल पुरत नाही म्हणून मशीन कपाटाकडं खेपा घालतंय, अशी ती खूण. या वेळी दिवा थोडा लुकलुकला आणि विझला. पान समोर. दत्ता पडद्याकडं पाहत राहिला. अक्कांना हाक मारून म्हणाला, "आई, आज च्या लई थंड न्हाई व्हणार बघ." आधी फाइल उघडेस्तोवर तो चहाला थांबायचा, आणि कप ओठाला लावायला आईला तोवर उभं राहावं लागायचं.

नंतर आमचे फोन होत राहिले. फोटोच्या छपाईचा, रंगाचा काही सवाल आला की मीच त्याला विचारायची. माझ्या दुकानात लोक मला काय म्हणतात हे त्यानं विचारून घेतलं आणि मी ताईची आपा झाले. ईदला न चुकता फोन यायचा. "आपा, शीरखुर्मा पेनड्राइव्हमंदी टाकून पाठवा." मग अण्णा जालन्याला आले की मी खरोखर डबा द्यायची.

त्याच्या बहिणीचं, वर्षाचं लग्न ठरलं. कार्य परतूरला, मंगल कार्यालयात. दत्ताला गाडीत आडवं घालून न्यायचं, तिथं खुर्चीवर बसवायचं, असं सगळं ठरलं होतं. अण्णांनी त्याला नवा शर्ट शिवला होता. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले.

लग्नाच्या सकाळी दत्ताला ताप भरला. छातीत घरघर होती. गावातले डॉक्टर म्हणाले, हलवू नका. याला धुरळा, गर्दी, प्रवास काही चालायचं नाही. ओसरीत हळद लावलेली वर्षा उभी होती, ती तशीच खाली बसली. अक्का म्हणाल्या, "मी जात न्हाई. तुमी लावून द्या लगीन."

दत्ता आतून म्हणाला, "आई, इकडं ये." त्या गेल्या. मी दारात होते. तो म्हणाला, "तिच्या लग्नाला आई न्हाई, असं लोकांनी का म्हणावं? तू जा. आपा थांबतील माझ्यापाशी. व्हिडिओ कॉल लावायला मला आपाच लागतील." मग माझ्याकडं पाहून, "थांबताल ना?"

मी म्हणाले, "बिलकुल थांबते."

अक्का गेल्या, पण कशा गेल्या ते मी पाहिलं. गाडीत बसल्यावरही त्यांचं तोंड घराकडंच होतं.

मग गाव रिकामं झालं. सगळं वऱ्हाड गेलं. शेजारची एक म्हातारी ओसरीत बसून राहिली, तिला ऐकू येत नव्हतं. घरात मांडवाचा, तेलाचा, फुलांचा वास होता आणि माणूस कोणी नव्हतं. मी दत्ताच्या कपाळावर ओली पट्टी बदलत बसले. त्यानं विचारलं, "आपा, तुमच्यात नवरीला रडवतात का?" मी सांगितलं, रडवावं लागत नाही, रडू येतंच. माझ्या निकाहात तर अब्बाच सगळ्यांत जास्त रडले. तो म्हणाला, "फोटोत बाप लोक कोपऱ्यात रडतेत. मी बघतो ना. कोपऱ्यातले फोटो बाळूला कळत न्हाईत, तो मधले काढतो."

मुहूर्ताच्या वेळी बाळूच्या माणसानं व्हिडिओ कॉल लावला. मी मॉनिटर पलंगाकडं फिरवला. आवाज तुटत होता, चित्र अडकत होतं. अंतरपाट दिसला, मग वर्षाचं कपाळ, मग बराच वेळ नुसता कुणाचा तरी खांदा. घरातल्या ताटात अक्षता उरल्या होत्या. मी चार दाणे त्याच्या बोटांत दिले. मंगलाष्टकं ऐकू येत होती. 'सावधान' म्हटल्यावर त्यानं बोटं सोडली. दाणे त्याच्या छातीवरच पडले, हात तेवढाच उचलला गेला होता. त्याच क्षणी चित्र थांबलं आणि कॉल तुटला.

"लागलं का लगीन?" त्यानं विचारलं.

"लागलं," मी म्हणाले.

त्यानं डोळे मिटले. मी त्याच्या अंगावरचे दाणे वेचून काढले. तो झोपला असेल असं वाटलं, पण डोळ्याच्या कडेनं पाणी उशीत जात होतं आणि ते त्याला पुसता येत नव्हतं. मी पुसलं.

संध्याकाळी अक्का परतल्या त्या डोळे सुजवून. धावत आत आल्या, त्याच्या गालाला हात लावला. मला बाहेर गाठून म्हणाल्या, "मी कशाला गेले, आपा? अर्धा जीव हितं. तिकडं लेक, हिकडं ल्योक. मला लगीन दिसलंच न्हाई. नुसतं रडून राह्यले व्हते."

ताप उतरला. पण त्या आजारपणानं दत्ताचा हात आणखी कमी केला. वर्षाच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा त्याचा फोन आला. बाळूनं नवा कॅमेरा घेतला होता, एकेक फोटो आधीपेक्षा कितीतरी जड. मशीन पुन्हा अडखळायला लागलं होतं.

"आपा, हात गरम पाण्यानं शेकला की थोडा येळ बोटं चालतात. तेवढ्यातच काम व्हतं. मी क्लिक करतो आणि मशीन विचार करत बसतं. त्याचा विचार झाला की माझा हात झोपलेला आस्तो."

मी म्हणाले, अख्खं मशीनच नवं बसवू. तो नको म्हणाला. त्यानं एकेक कळ, एकेक खूण आपल्या दोन बोटांना पोचेल अशी लावून घेतली होती. नव्यावर ते सगळं पुन्हा जमवावं लागलं असतं. "तेवढा येळ न्हाई, आपा. वाट पाहायला बी न्हाई आणि नवीन शिकायला बी न्हाई. त्या जुन्या दोन जीबीच्या जागी आणखी एक चारची टाका. बस."

सोळा चिपची चार जीबी. कलीममामूंकडं नव्हती. संभाजीनगरला ओळखीच्या दुकानांत विचारलं, ते म्हणाले, आपा, कुठल्या जमान्यात आहात? परभणीहून एकानं पाठवली ती मेलेली निघाली. शेवटी माझ्याच दुकानातलं बिलाचं मशीन डोळ्यांसमोर आलं. तोच बोर्ड, तीच पट्टी. रोज त्याच्यासमोर बसून मी जगभर फोन करत होते. ती काढली. माझी बिलं हळू निघायला लागली, एवढंच. दत्ताला मी भंगारात मिळाली म्हणून सांगितलं.

ती बसवायला गेले तेव्हा त्याचा आवाज फार खाली गेला होता. ऐकायला वाकावं लागायचं. मशीन मात्र पळायला लागलं. क्लिक केलं की पान हलत होतं. अक्का कोमट पाण्याचं भगुनं घेऊन त्याच्या हातापाशी बसून होत्या.

थोड्या वेळानं त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. दाराकडं बघत हळू म्हणाल्या, "आपा, तुमचं ऐकतो तो. त्याला म्हणा ना, त्या फोटूत सवताला बी लाव. सगळ्यांचे मेलेले बाप लावून देतो. बहिणीच्या शेजारी भाऊ उभा ऱ्हाईला तर काय बिघडतं? नवा शर्ट बी तसाच पडून हाय."

मी बाहेर येऊन त्याच्याजवळ बसले. काय म्हणायचं ते मनात जुळवत होते, तोवर त्यानंच विचारलं, "आईनं सांगितलं ना?"

"हो."

"आपा, लोकांना मी लावून देतो, कारण त्यांचं माणूस गेलेलं आस्तं." त्यानं श्वास घेतला. "मी हाय अजून."

मी उठले. स्वयंपाकघरात अक्का वाट पाहत होत्या. मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या," आणि पीठ मळायला बसल्या.

अल्बम त्यानं पुरा केला. अण्णांनी सांगितलं, रोज हात शेकायचा आणि चालतील तेवढी बोटं चालवायची. शेवटी शेवटी मान कलायला लागली तर अक्का हनुवटीखाली हात धरून उभ्या राहायच्या. पेनड्राइव्ह बाळूकडं गेला त्या दिवशी दत्ताचा फोन आला. अक्कांनी फोन धरला होता. तो म्हणाला, "झालं, आपा. एकदाबी हँग झालं न्हाई." हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

थंडी पडली आणि त्याची छाती पुन्हा भरली. दवाखान्यात नेलं होतं. अण्णांचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होते. "आपा, दत्ता गेला," एवढंच म्हणाले. मी कुलूप हातात घेऊन पायरीवर बसले. समोरचा कापडवाला विचारायला आला, काय झालं? मी म्हणाले, एक गिऱ्हाईक गेलं. दुसरा शब्द सापडला नाही. गिऱ्हाईक म्हटलं याचं नंतर फार वाईट वाटलं.

तेरावा झाल्यावर मी गावाला गेले. वर्षा आली होती. अण्णा ओसरीत. आतल्या खोलीत खुर्ची तशीच होती, पट्टा घडी करून ठेवलेला, कॉम्प्युटरवर धुतलेला टॉवेल टाकलेला. मी अक्कांच्या शेजारी बसले. त्या रडत नव्हत्या. विचारलं तेवढंच बोलत होत्या.

तेवढ्यात बाळू आला. अल्बम छापून आला होता. तो दारातच घुटमळला. आज द्यावा की नाही, त्याला कळत नव्हतं. अण्णा म्हणाले, "आणलाय तर दे." जाड पुठ्ठ्याची पेटी होती. ती चटईवर ठेवली, पण उघडायला कुणी हात घालेना. शेवटी अक्का मला म्हणाल्या, "आपा, तुमी उघडा."

मी उघडला. हळद, मांडव, वरमाला. मी एकेक पान उलटत होते. काम सुरेख होतं. कोपऱ्यातला माणूससुद्धा त्यानं सोडला नव्हता; एका पानावर, कुठल्याशा फोटोच्या कोपऱ्यातून मोठे करून घेतलेले अण्णा खांबाआड उभे राहून उपरण्यानं डोळे पुसत होते. अण्णांनी ते पाहिलं आणि उठून बाहेर गेले. दत्ता कुठंच नव्हता.

पण दर दोन-चार पानांमागं अक्का होत्या. वर्षाची अंबाड्यातली वेणी सारखी करताना हसणाऱ्या. कुणा म्हातारीनं कानात काही सांगितलं म्हणून तोंडाला पदर लावून हसणाऱ्या. जावयाला घास भरवताना तो मागं सरकला म्हणून खळखळून हसणाऱ्या. एका पूर्ण पानावर त्या एकट्याच होत्या. कुणाकडं बघत होत्या कळत नाही, पण चेहरा उजळलेला. वर्षा म्हणाली, "आई, किती छान आलीयस गं."

अक्का वाकून बघत होत्या. पानावर बोट ठेवलं, मग काढलं. म्हणाल्या, "मी हासले व्हते त्या दिवशी?"

त्यांनी आणखी एक पान उलटलं.

"मला वाटलं, मी आख्खा येळ रडत व्हते." मग बाळूकडं वळून म्हणाल्या, "बाळू, माझे रडलेले फोटू न्हाईत का रं?"

बाळू खाली बघत होता. "हायेत ना, मावशी. लई हायेत. तेच जास्त हायेत." तो थांबला. "हासलेले एवढेच व्हते. दत्तानं सगळे हुडकून काढले. तुमचा रडलेला एकबी घेतला न्हाई."

अक्का पुढं सरकल्या. मग त्यांनी अल्बम माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला, पदरानं पान पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली.